नव्याने विंडोज टाकायची की इमेज रिस्टोअर करायची?

मी डीटीपी करतो, लग्नपत्रिका, हँडबिलं वगैरे, आणि वर्षातून दोनदा तरी मशीन फॉरमॅट करतोच. दोन्ही पद्धती वापरून झाल्यात म्हणून लिहितोय. इमेज म्हणजे सगळं बसवून झालेल्या ड्राइव्हची जशीच्या तशी कॉपी, ती नंतर परत टाकता येते.

पेनड्राइव्हवरून फ्रेश इन्स्टॉल केलं की सगळं ताजं मिळतं आणि विंडोजची प्रॉडक्ट की परत टाकायला लागत नाही, डिजिटल लायसन्स मदरबोर्डला जोडलेलं असतं. आता विंगेट (कमांड देऊन सॉफ्टवेअर टाकायचं विंडोजमधलं टूल) पण आहे, फॉरमॅटच्या आधी विंगेट एक्सपोर्टने यादी काढून ठेवली की नंतर इम्पोर्ट दिल्यावर क्रोम, व्हीएलसी, सेव्हन झिप आपोआप येतात. इथवर काही तक्रार नाही.

पण माझं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर त्या यादीत नाही. फॉरमॅट केलं की त्याचं ॲक्टिव्हेशन जातं, मग कंपनीला फोन करून नवीन कोड मागा. ऐन लग्नसराईत शनिवारी संध्याकाळी फॉरमॅट केलं, त्यांचं ऑफिस थेट सोमवारी उघडणार, गिऱ्हाईक शेजारी बसलेलं आणि पत्रिकेची फाइल उघडली तर ॥ श्री गणेश प्रसन्न ॥ च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, कारण फॉन्टच नाहीत. ते काम हातचं गेलं.

तेव्हापासून क्लोनझिला, म्हणजे ड्राइव्हची इमेज घ्यायचं आणि परत टाकायचं फुकट सॉफ्टवेअर. एकदाच नीट विंडोज टाकली, ड्रायव्हर, फॉन्ट, कीबोर्ड, प्रिंटर, ॲक्टिव्हेशन सगळं झाल्यावर काम सुरू करायच्या आधी सी ड्राइव्हची इमेज एक्स्टर्नल डिस्कवर घेतली. डेटा डी वर असतो, त्याला हात लागत नाही. माझ्याकडे वीसेक मिनिटात मशीन तयार होतं आणि ॲक्टिव्हेशनही टिकतं, अर्थात प्रत्येक सॉफ्टवेअरचं टिकेलच असं मी म्हणणार नाही.

त्रास यातही आहे. रिस्टोअरनंतर साचलेले अपडेट घ्यावे लागतात, आणि निळ्या स्क्रीनवर एनव्हीएमई० वगैरे डिस्कची नावं बघून पार्टिशन निवडायचं असतं, तिथे चुकलात तर डेटा गेला, म्हणून मी आधी साइझ वाचून खात्री करतो. बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्ह एन्क्रिप्शन) चालू असेल तर इमेजच्या आधी बंद करा, नाहीतर रिकाम्या जागेसकट सगळं पार्टिशन कॉपी होतं आणि इमेज भलतीच मोठी होते.

मदरबोर्ड बदलणार असाल किंवा तुमचं सगळं काम ब्राउझरमध्येच होत असेल तर फ्रेश इन्स्टॉल बरं पडेल. फॉन्ट, डाँगल (सॉफ्टवेअर चालायला यूएसबीत लावून ठेवायची लायसन्सची की), फोनवरचे कोड असलं काही असेल तर मी तरी इमेजच घ्या म्हणेन. आणि रिस्टोअर झालं की आधी अपडेट पूर्ण करून लगेच नवीन इमेज घ्या, जुनीही महिनाभर राहू द्या.