डोंगरासाठी शिवलेलं जॅकेट रोज ऑफिसला घालून: काही महिन्यांनंतर

हे तीन पदरी हार्डशेल, म्हणजे बाहेरचं कापड, मधला जलरोधक पडदा आणि आतलं अस्तर एकत्र चिकटवलेलं जॅकेट, मी ट्रेकसाठी घेतलंच नव्हतं. रोज घालायला घेतलं. हिवाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत बस, स्कूटर, ऑफिस, बाजार, सगळीकडे तेच अंगावर. ब्रँड मुद्दाम सांगत नाही, कारण यातलं बरंचसं या जातीच्या कुठल्याही जॅकेटला लागू पडेल.

पाणी आत येत नाही. धो धो पावसातही नाही. शिवणींवर आतून टेप आहे, आणि हूडची नाडी मागून आवळली की मान वळवावी तसं हूडही वळतं, डोळ्यांवर येत नाही. स्कूटरवरून उतरून चालताना याची किंमत कळते. पण हेच हूड गिर्यारोहकाचं हेल्मेट मावेल इतकं मोठं. मागे टाकलं की मानेवर गाठोडं ठेवल्यासारखं वाटतं. खिशांचंही तसंच. सॅकचा कमरपट्टा बांधल्यावरही उघडता यावेत म्हणून ते बरेच वर आहेत. बसची वाट पाहताना त्यांत हात घातले की कोपरं दोन्ही बाजूंना बाहेर. शेजारच्याला लागतात हो!

आता घामाचं. बॉब गोअर यांनी 1969 मध्ये टेफ्लॉन झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा मिळवला; गोअर-टेक्स हे जलरोधक कापड त्यातूनच आलं. पाण्याचा थेंब या छिद्रांतून जात नाही, वाफ जाते. पण वाफ बाहेर पडायला आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार आणि दमट लागते. थंड डोंगरावर ते जमून येतं. शहरातल्या कोंदट पावसात बाहेरच सगळं दमट, मग वाफ जाणार कुठे? बाह्या आतून ओल्या होतात आणि जॅकेट गळतंय असं वाटतं. गळत नसतं, तो आपलाच घाम असतो. काखेतल्या झिपा उघडल्या की बराच फरक पडतो, त्यामुळे त्या नसलेलं मॉडेल घेऊच नका.

खरी झीज मात्र खांद्यावर आणि कॉलरला झाली. लॅपटॉपच्या बॅगेचा पट्टा रोज घासतो तिथे बाहेरचं जलरोधक कोटिंग गेलं. उरलेल्या जॅकेटवर पाणी थेंब होऊन घरंगळतं, खांद्यावर कापड काळपट पडून भिजतं. कॉलरच्या आत तर मानेच्या तेलाने पडदा सुटून बारीक फुगे आलेत. लेबलवर लिहिलंय तसंच धुवत होतो, सॉफ्टनर कधी घातला नाही. तरी कंपनीने ‘नेहमीची झीज’ म्हणून हात वर केले. नवी कोटिंग बहुतेक फ्लोरिनविरहित असतात. कॅलिफोर्नियात तर 1 जानेवारी 2025 पासून बहुतेक नव्या कपड्यांत पीएफएएस या फ्लोरिनयुक्त रसायनांना बंदी आहे. निर्णय योग्यच, पण ही कोटिंग तेलापुढे जुन्यांइतकी टिकत नाहीत, म्हणून जॅकेट जास्त वेळा धुवावं लागतं. धुतल्यावर ड्रायरच्या मंद आचेवर फिरवलं की थेंब पुन्हा उभे राहतात. खांद्यावर तेही आता अर्धवटच.

फॅशनचं म्हणाल तर मला गंमत वाटते. द नॉर्थ फेसचं 1992 चं नुप्त्से हे पिसं भरलेलं फुगीर जॅकेट एव्हरेस्टजवळच्या शिखराचं नाव घेऊन आलं आणि रस्त्यावर रुळलं. रिहाना 2023 च्या सुपर बोलमध्ये सॅलोमन या डोंगरी बुटांच्या कंपनीचे बूट घालून गायली. डोंगरचे कपडे शहरात मिरवण्याच्या या ढंगाला 2017 पासून ‘गॉर्पकोअर’ म्हणतात. नुप्त्सेला शहरात फक्त ऊब द्यायची असते, ती ते देतं. हार्डशेलचं काम त्याहून अवघड, कारण त्याचा सगळा हिशोब थंड हवेवर आणि पाठीवरच्या सॅकवर बसवलेला.

दिसतं छान, यात वाद नाही. पण चालताना कापडाचा चर्र चर्र आवाज येतो, मीटिंगच्या खोलीत तर फारच. रोजच्यासाठीच हवं असेल तर अडीच पदरी (आत पूर्ण अस्तराऐवजी नुसता पातळ थर असलेलं), छोट्या हूडचं, कमरेजवळ खिसे असलेलं बघा. वजनालाही हलकं पडतं. दुकानात आपली रोजची बॅग खांद्याला अडकवून पाहा आणि ड्रायर चालतो का, ते लेबलवर वाचूनच पैसे द्या.