ऑलिंपस एक्सए: खिशात मावणारा रेंजफाईंडर, पण...

बाबांचा याशिका इलेक्ट्रो ३५ हा जुना फिल्म कॅमेरा गळ्यात अडकवून एकदा सिंहगड चढलो होतो, पाऊण किलोचं ते धूड, खाली येईपर्यंत मान आखडली. म्हणून मग सेकंडहँड ऑलिंपस एक्सए घेतला. १९७९चं मॉडेल, ऑलिंपसचे डिझायनर मैतानी यांचं डिझाईन, वजन २२५ ग्रॅम म्हणजे पाव किलो भेंडीपण जड वाटेल. शर्टाच्या खिशात मावतो हो, खरंच. पुढचं झाकण बाजूला सरकवलं की चालू, लेन्स कॅप हरवायची भानगडच नाही.

पण एवढा छोटा करताना काय गेलं ते विकणारा सांगत नाही. रेंजफाईंडरमधे दोन खिडक्यांतून आलेली दोन चित्रं एकमेकांवर बसवून फोकस लावायचा असतो, आणि खिडक्या जितक्या लांब तितका फोकस नेमका. लायका या जर्मन कंपनीच्या १९५४च्या एम३मधे हे अंतर ६८.५ मिमी, बॉडी १३८ मिमी रुंद. लायकाने १९७३ला मिनोल्टासोबत छोटा सीएल काढला तर अंतर आलं ३१.५वर. आणि एक्सए तर अख्खाच १०२ मिमी, मग काय होणार! बरं मोठा करावा तर त्यातही सुख नाही, १९७१च्या एम५मधे लेन्समधून लाईट मोजणारा मीटर बसवताना बॉडी एवढी फुगली की लायकावाल्यांनीच नाकं मुरडली. लायकाच्या डिजिटल एम कॅमेऱ्यांमधे तर वेगळाच घोळ, लेन्स माउंटपासून (लेन्स जिथे बसते तिथपासून) सेन्सरचं अंतर २७.८ मिमी ठरलेलं, ते हलवता येत नाही, मग सर्किट आणि स्क्रीन जाणार कुठे, मागेच. म्हणून एम२४० तसा जाडजूड, २०१७च्या एम१०मधे कुठे परत बारीक झाला.

असो, एक्सए. लेन्स ३५ मिमी एफ २.८, म्हणजे वाइड, त्यात उन्हात लेन्सचं छिद्र बारीक ठेवता येतं, त्यामुळे फोकस थोडा चुकला तरी खपून जातं. संध्याकाळी नाही खपत. आजी मटार सोलत बसली होती, मी मीटरभरावर, फाईंडरमधला पिवळट ठिपका, ज्यात ते दुसरं चित्र दिसतं, आधीच फिकट, त्यात लेन्सखालची फोकसची दांडी माझ्या जाड बोटांना सापडेना. रोल धुऊन आला तर आजी धूसर आणि मागच्या भिंतीवरच्या कालनिर्णयच्या तारखा एकदम कडक. तरी तो फोटो लावलाय फ्रिजवर.

शटरचं लाल बटण फार हळवं आहे, नुसता स्पर्श झाला तरी फोटो, दोन फ्रेम खिशातून काढतानाच गेल्या. बॅटरी संपली की कॅमेरा ठप्प, पण घड्याळवाल्याकडे मिळणारे दोन बटण सेल चालतात, याशिकासारखी अडॅप्टरची खटपट नाही.

विकणारा म्हणाला होता सील (मागच्या दारातून उजेड आत येऊ नये म्हणून लावलेला फोम) नवीन आहेत, मागचं दार उघडलं तर बोटाला डांबरासारखा काळा चिकटा. तुम्ही घेणार असाल तर दुकानातच दार उघडून बोट फिरवा, आणि तळाची खटकी चेकवर नेऊन बीप वाजतो का ऐका, नाही वाजला तर सेल बदलायला लावा, तिथेच, पैसे द्यायच्या आधी.