ट्रॅक डेला गाडीत कॅमेरा लावताय? हेडरेस्ट बार माउंटचा रिव्ह्यू

तळेगावजवळ नानोलीला ट्रॅक झाल्यापासून पुण्या-मुंबईची बरीच मंडळी आपली रोजची गाडी घेऊन ट्रॅक डेला (म्हणजे रेस ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायच्या दिवसाला) जायला लागलीत, आधी चेन्नई नाहीतर कोइमतूर गाठावं लागायचं. नवीन आलेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न टायरचा असतो, दुसरा ब्रेक पॅडचा, आणि तिसरा लगेच, कॅमेरा कुठे आणि कशावर लावू? या तिसऱ्या प्रश्नासाठी हा रिव्ह्यू. मी सक्शन कप वापरलेत, चिकटवायचे माउंट वापरलेत, आणि आता बऱ्याच काळापासून हेडरेस्टच्या रॉडवर बसणारा ॲल्युमिनियमचा बार वापरतोय आणि आता दुसरं काही लावायची इच्छाच होत नाही.

बार म्हणजे नक्की काय ते आधी सांगतो. सीटच्या हेडरेस्टला खाली दोन स्टीलचे रॉड असतात ना, त्या दोन्ही रॉडना एकेक दोन भागांचा क्लॅम्प, दोन्ही क्लॅम्पमधून आडवा जाणारा एक बार, आणि बारच्या टोकाला कॅमेऱ्याचा स्क्रू, बस एवढंच. रेडिमेड ऑनलाइन मिळतात, पण मी भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमधून करून घेतला कारण माझ्या सीटच्या रॉडचा व्यास रेडिमेडवाल्याला नीट बसत नव्हता, त्यात रबराचे तुकडे घालून भरती करावी लागत होती आणि तिथेच सगळा खेळ बिघडतो. भोसरीवाल्यांनी व्हर्निअरने रॉड मोजले, ६०६१ ग्रेडच्या ॲल्युमिनियममध्ये क्लॅम्प काढून दिले, ॲलन बोल्ट आणि नायलॉक नट लावले, आणि ब्लॅक ॲनोडायझिंगही करून आणलं. काळा रंग फक्त दिसायला नाही हां, चकचकीत ॲल्युमिनियमचा उजेड समोरच्या काचेत दिसतो आणि व्हिडिओभर एक पांढरा पट्टा नाचत राहतो. काम एक नंबर, कडा सगळ्या घासून गोल केलेल्या, हात फिरवला तरी कुठे ओरखडा नाही.

आता सक्शन कप का नको? लोकांना वाटतं की कप सुटून पडेल हीच भीती. खरं तर चांगला कप, काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून लावला तर ताकदीला कमी नसतो. ८ सेंटिमीटर व्यासाच्या कपाचं क्षेत्रफळ जवळपास ५० चौरस सेंटिमीटर होतं आणि हवेचा दाब एका चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो, म्हणजे कागदावर तरी ५० किलोच्या आसपास पकड. आणि आपला कॅमेरा किती, गोप्रोचा हिरो १२ हा ॲक्शन कॅमेरा धरला तर १५४ ग्रॅम. रोडच्या टायरवर जोरात ब्रेक मारला तरी साधारण १ जी लागतो, म्हणजे कॅमेरा त्याच्या स्वतःच्या वजनाइतकंच पुढे ओढणार. वजनाचा प्रश्नच नाहीये.

प्रश्न आहे थरथरीचा. कप, त्यावर प्लॅस्टिकचा हात, त्यावर एक जॉइंट, मग दुसरा जॉइंट, मग कॅमेरा अडकवायचा तीन बोटांचा बकल, मग कॅमेरा. प्रत्येक जॉइंटमध्ये थोडी थोडी ढिलाई आणि हात जितका लांब तितकं टोक जास्त हलणार. इंजिन पाच-सहा हजार आरपीएमला आणि एपेक्सला (वळणाच्या सगळ्यात आतल्या बिंदूला) आतलं चाक कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर, चढलं की ती सगळी रांग डोलायला लागते. वर ॲक्शन कॅमेऱ्याचा सेन्सर अख्खं चित्र एकदम वाचत नाही, ओळीओळीने वाचतो, त्यामुळे पहिली ओळ वाचून शेवटची वाचेपर्यंत कॅमेरा सरकलेला असतो आणि सरळ असलेला ए पिलर (समोरच्या काचेच्या बाजूचा खांब) जेलीसारखा लचकताना दिसतो. हे एडिटिंगमध्ये धड दुरुस्त होत नाही. चित्र बिघडू नये यासाठी एकच उपाय, जॉइंट कमी आणि हात छोटा. हेडरेस्टच्या बारवर जॉइंट जवळपास नाहीतच, दोन रॉडवर धरल्यामुळे बार गोल फिरत नाही, आणि हिरो १२ ला खाली पाव इंची ट्रायपॉडचा आटा दिलेलाच आहे त्यामुळे तीन बोटांचा बकलसुद्धा मध्ये लागत नाही, कॅमेरा थेट बारवर. हा आटा फार मोलाचा आहे, जुन्या मॉडेलवाल्यांनी निदान धातूचा ॲडॅप्टर घ्यावा, प्लॅस्टिकचा नको.

मला या बारचं सगळ्यात जास्त कौतुक आहे ते वेगळ्याच गोष्टीसाठी. फ्रेम दरवेळी तीच येते! बारवर आणि क्लॅम्पवर पेंट मार्करने एक रेघ मारून ठेवलीये, रेघ जुळवली की झालं. याचा फायदा असा की आजचा लॅप आणि दोन महिन्यांपूर्वीचा लॅप शेजारी शेजारी लावून बघता येतो आणि स्टीअरिंग दोन्हीकडे स्क्रीनवर त्याच जागी असतं, मग हात कधी वळायला लागले, वळणाच्या मध्यात किती वेळा दुरुस्ती केली, ब्रेक सोडताना गाडीचं नाक कधी वर आलं हे सगळं डोळ्यांना सरळ दिसतं. सक्शन कप दरवेळी बोटभर इकडे तिकडे लागतोच, आणि समोरच्या काचेवर लावला तर नुसता रस्ता दिसतो, ड्रायव्हर काय करतोय ते काहीच नाही. ज्याला शिकायचंय त्याच्यासाठी रस्त्यापेक्षा हात महत्त्वाचे आहेत असं माझं ठाम मत आहे. मला तर एका वळणाला दोनदा स्टीअरिंग कापायची सवय होती ती अशीच शेजारी शेजारी बघून कळली, इन्स्ट्रक्टर तेच सांगत होते पण बघितल्यावर जे डोक्यात बसतं ते ऐकून बसत नाही.

जागेबद्दल मात्र नीट वाचा. बार ड्रायव्हरच्या सीटवर लावू नका. मागून धडक बसली किंवा गाडी मागच्या बाजूने बॅरिअरला लागली तर हेल्मेट घातलेलं डोकं मागे जोरात जातं, तिथे धातूचा तुकडा आणि कॅमेरा अजिबात नको. बार डाव्या सीटच्या हेडरेस्टला लावायचा आणि कॅमेरा दोन सीटांच्या मधल्या रिकाम्या जागेत येईल इतकाच बाहेर काढायचा, म्हणजे ड्रायव्हरच्या डाव्या खांद्याच्या थोडा मागे आणि थोडा वर. या जागेवरून हात, स्टीअरिंग, स्पीडोचा अर्धा भाग आणि पुढचं वळण सगळं येतं. शेजारी इन्स्ट्रक्टर बसणार असतील तर त्यांच्या हेडरेस्टच्या मागे काही बाहेर आलेलं नाही ना ते बघा, बोल्टची टोकं मध्यभागाकडे वळवा, आणि मागच्या सीटवर कोणालाही बसवू नका. कर्टन एअरबॅग जिथून उघडते त्या छताच्या कडेला किंवा पिलरला आणि डॅशबोर्डवर पॅसेंजर एअरबॅगच्या झाकणावर काहीही चिकटवायचं नाही, आता बऱ्याच गाड्यांना सहा एअरबॅग आहेत त्यामुळे मोकळी जागा वाटते तितकी मोकळी नसते.

आणि माउंट सुटलाच तर कॅमेरा धरायला एक वेगळी दोरी हवीच. स्टीलची बारीक वायर किंवा मजबूत नायलॉनची, एक टोक कॅमेऱ्याच्या फ्रेमला, दुसरं सीटच्या सांगाड्याला, बारला नाही, कारण बारच सुटला तर दोरी कशाला धरणार. लांबी शक्य तितकी कमी ठेवा, लांब दोरीवर सुटलेला कॅमेरा झोके घेत थेट ड्रायव्हरच्या कानापर्यंत येतो. स्क्रुटिनीला, म्हणजे ट्रॅकवर जायच्या आधीच्या गाडीच्या तपासणीला, मार्शल लोक (ट्रॅकवरचे सुरक्षा अधिकारी) माउंट हलवून बघतात आणि दोरी विचारतात, काही ठिकाणी अंतर्गत कॅमेऱ्याला आधी परवानगी लागते, ब्रिफिंगच्या आधीच विचारून घ्या. सुटा कॅमेरा १०० च्या स्पीडला जवळपास ६० ज्यूल ऊर्जा घेऊन फिरतो, डोक्याला लागला तर काय होईल ते सांगायला नको, मार्शलशी वाद घालू नका.

सेटिंगचं थोडक्यात. स्टॅबिलायझेशन बंद करा. हो, पूर्ण बंद. ते जायरोवर चालतं, त्याला बाहेरच्या जगाच्या हिशोबाने चित्र स्थिर ठेवायचं असतं, गाडी वळली की ते उलट्या बाजूला धरून ठेवायला बघतं, मग केबिनच डावीकडे उजवीकडे तरंगल्यासारखी दिसते आणि वळण संपल्यावर झटका देऊन जागेवर येते. माउंट टणक असेल तर त्याची गरजच उरत नाही. ४के ६० फ्रेम, कारण फ्रेम थांबवून थांबवून हात बघायचे असतील तर ३० कमी पडतात. एक्सपोजर अर्धा ते एक स्टॉप खाली, म्हणजे चित्र थोडं गडद, नाहीतर कॅमेरा काळ्या केबिनकडे बघून बाहेरचा ट्रॅक पांढराफटक करून टाकतो. डॅशबोर्डचं प्रतिबिंब काचेत फार येत असेल तर पोलरायझर फिल्टर घ्या, चांगला फरक पडतो. उजेड कमी करणारा एनडी फिल्टर मात्र इथे नको, शटर हळू झालं की उरलीसुरली थरथर पण पुसट होऊन चित्रात उतरते.

उन्हाळ्यात गरमीचा त्रास सगळ्याच ॲक्शन कॅमेऱ्यांना होतो. पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागेत) काचा बंद करून गाडी उन्हात उभी आणि कॅमेरा बारवर तसाच, असं करू नका, काढून सावलीत ठेवा, आणि पिट लेनमध्ये (ट्रॅकवर जायच्या वाटेवर) लाइनला लागल्यावरच चालू करा. सेशन साधारण १५-२० मिनिटांचं असतं, तेवढ्याला एक बॅटरी आरामात पुरते.

हिरो १२ घेणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, त्यात जीपीएस नाही, ११ मध्ये होतं आणि १३ मध्ये परत आलं. व्हिडिओवर स्पीड आणि लॅप टाइम हवा असेल तर वेगळा जीपीएस लागतो. फोनचा जीपीएस बहुतेक वेळा सेकंदाला एकदाच जागा सांगतो, १२० च्या स्पीडला एका सेकंदात गाडी ३३ मीटर जाते, तेवढ्यात तुमचा ब्रेकिंग पॉइंट येऊन गेलेला असतो. मी रेसबॉक्स मिनी हा छोटा वेगळा जीपीएस वापरतो, सेकंदाला २५ वेळा जागा घेतो म्हणजे दर सव्वा-दीड मीटरला एक ठिपका, आणि रेसक्रोनो ॲपमध्ये डेटा घेऊन व्हिडिओशी जोडतो. चेन्नईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आहे, साध्या हॅचबॅकला एक लॅप दोन मिनिटांच्या वर जातो, तेवढ्या लांब लॅपमध्ये वेळ नेमका कुठे गेला हे अंदाजाने नाही कळत.

आवाज ही बारची कमजोर बाजू. बऱ्याच ठिकाणी पुढच्या काचा खाली ठेवायचा नियम असतो आणि कॅमेरा बरोब्बर दोन खिडक्यांच्या मधल्या झोतात येतो, मग इंजिन कमी आणि वारं जास्त. यावर फोम गुंडाळलेला कॉलर माइक मागच्या सीटच्या पायाशी टेपने लावायचा, तिथे वारं पोचत नाही आणि एक्झॉस्टचा आवाज मस्त भरून येतो. वायर मात्र मोकळी लोंबती ठेवू नका.

बाहेरून शॉट हवाच असेल, बोनेटवरून किंवा मागच्या बंपरवरून, तर चिकटवायचा माउंट चालेल पण तयारी दोन-तीन दिवस आधी करा. अशा माउंटखालच्या थ्रीएमच्या व्हीएचबी या दुहेरी चिकट टेपला पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात, सकाळी पॅडॉकमध्ये चिकटवून नऊच्या सेशनला निघणं बरोबर नाही. पृष्ठभाग आयसोप्रोपिल आणि पाणी निम्मं निम्मं घेऊन पुसा. वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंगवर पकड कमी येते आणि पीपीएफवर (रंग वाचवायला लावलेल्या पारदर्शक फिल्मवर) लावला तर काढताना फिल्मच सोबत येऊ शकते. बाहेर वाऱ्याचा जोरही असतो, १५० ला कॅमेऱ्याच्या सपाट तोंडावर चारशे ग्रॅमच्या आसपास जोर येतो, ७५ ला त्याच्या चौथा हिस्सा, स्पीड दुप्पट की जोर चौपट. म्हणून बाहेरचा कॅमेरा मी फक्त हळू लॅपला लावतो.

बारचे तोटे सांगायचे तर लावायला-काढायला सक्शन कपपेक्षा वेळ लागतो, हेडरेस्ट पूर्ण बाहेर काढून क्लॅम्प घालायला लागतात, बोल्टला निळं लॉकटाइट लावावं आणि प्रत्येक सेशननंतर ॲलन कीने एकदा तपासावं. दुसऱ्या गाडीत तोच बार बसेलच असं नाही, रॉडमधलं अंतर आणि जाडी बदलते. करून घ्यायला मला रेडिमेडच्या दुपटीच्या आसपास खर्च आला आणि तो मला पटला. दहापैकी नऊ, एक मार्क आवाजाचा कापला.

ज्यांच्या गाडीत हेडरेस्ट सीटलाच जोडलेलं आहे, रॉड नाहीतच, छोट्या गाड्यांच्या खालच्या व्हेरिअंटमध्ये असं असतं, त्यांच्यासाठी हा बार नाही. त्यांनी मागच्या दाराच्या पक्क्या काचेवर तीन कपांचा सक्शन माउंट लावून कॅमेरा मध्यभागाकडे वळवावा, हात शक्य तितका आखूड ठेवावा, काच आतून नीट पुसावी, प्रत्येक सेशनच्या आधी कप सोडून परत दाबावेत, आणि दोरी मागच्या सीटबेल्टच्या अँकरला बांधावी.