नाशिकच्या प्लॉटचा भाव: रिग्रेशन, रँडम फॉरेस्ट की जीडब्ल्यूआर?

एनए (बिगरशेती) प्लॉटांच्या भावावर प्रकल्प घेतलाय आणि मॉडेल कोणतं, इथंच घोडं अडलंय? मग आधी ठरवा: भाव किती ते सांगायचंय, की तो कशामुळे ठरतो ते?

‘कशामुळे’ हवं असेल तर हेडोनिक रिग्रेशन. त्याची सैद्धांतिक बैठक शर्विन रोझेन यांनी 1974 मध्ये घातली: वस्तूचा भाव तिच्या एकेका गुणधर्मातून उलगडायचा. समजा, भावाच्या लॉगरिदमवर कोपऱ्याच्या प्लॉटचा सहगुणक (त्या गुणधर्माचा परिणाम सांगणारा आकडा) 0.10 आला, म्हणजे बाकी सगळं सारखं असताना भाव साधारण साडेदहा टक्के जास्त. एवढं एजंटलाही पटतं. नोंदी दोन-तीनशे असल्या तरी काम भागतं.

नुसता आकडा हवा असेल तर रँडम फॉरेस्ट, म्हणजे अनेक निर्णयवृक्षांच्या अंदाजांची सरासरी (ब्रायमन, 2001). ते पायऱ्या आपोआप ओळखतं. यूडीसीपीआरमध्ये (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली) प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारं जादा बांधकाम) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा आणून वापरायचा बांधकाम हक्क) रस्त्याच्या रुंदीच्या टप्प्यांवर ठरतात, त्यामुळे भावही टप्प्यालाच उडी मारू शकतो. रिग्रेशनमध्ये हे टप्पे हातानं घालावे लागतात. मात्र नोंदी भरपूर लागतात, आणि ‘का?’ विचारलं की फॉरेस्ट घटकांची क्रमवारी दाखवून गप्प बसतं.

जीडब्ल्यूआरचा (जिऑग्राफिकली वेटेड रिग्रेशन, 1996) मोह होतो तो गोदावरीमुळे. गंगापूर रोडला नदी जवळ असणं मिरवायची गोष्ट. तीच नदी पूररेषेतल्या प्लॉटवर बांधकामाची बंधनं आणते. अख्ख्या शहराला ‘नदीपासूनचं अंतर’ हा एकच सहगुणक लावला, तर दोन्ही परिणाम एकमेकांना खाऊन टाकतील आणि नदीचा भावाशी संबंधच नाही असं वाटेल. जीडब्ल्यूआर जागेगणिक वेगळा सहगुणक देतं, पण व्यवहार विरळ असलेल्या भागात ते सहगुणक डळमळतात. मी तरी आधी निळी (वारंवार येणाऱ्या पुराची) आणि लाल (क्वचितच्या मोठ्या पुराची) पूररेषा वेगळे चल म्हणून घालीन, मग उरलेल्या चुकांवर मोरान्स आय (शेजारच्या नोंदी एकमेकींसारख्या किती, ते मोजणारा आकडा) काढीन. शेजारशेजारच्या चुका तरीही सारख्याच निघाल्या, तरच जीडब्ल्यूआर.

खरी गोम इंडेक्स टूमध्ये (नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा, भावाचे आकडे इथूनच येतात) आहे. मुद्रांक शुल्क दस्तातली किंमत आणि रेडी रेकनरचं (सरकारी दरतक्ता) मूल्य यांतल्या मोठ्या रकमेवर लागतं. त्यामुळे रोखीची रक्कम बाहेर ठेवणारे दस्त रेकनरला चिकटतात, आणि मॉडेल बाजारभावाऐवजी सरकारी तक्ता पाठ करतं. असे दस्त वगळून मॉडेल पुन्हा चालवा. सहगुणक फार हलले, तर मॉडेल बदलून काही होणार नाही. म्हसरूळ-आडगावला दोन-चार रविवार घालवून भाव विचारत हिंडावं लागेल.