सहा आठवडे, एक प्लास्टर आणि पद्मावतीचा थांबा

उजव्या मनगटाला प्लास्टर पडलं (बाथरूममध्ये घसरले, दोष माझाच) आणि अकरा वर्षांनी मी पुन्हा बसने जायला लागले. पुण्यात पद्मावती ते स्वारगेट, पुढे चालत शुक्रवार पेठेतलं कागदाचं दुकान. तिथे मी हिशेब लिहिते, त्यामुळे दिसेल ते मोजायची खोड आहे. सहा आठवडे सातारा रस्त्यावर जे मोजलं, ते इथे लिहिते.

बसबद्दल आधी, कारण तिच्याबद्दल तक्रार फारशी नाहीच. तिकीट दहा रुपये. १ जून २०२५ पासून पाच किलोमीटरपर्यंत दहा, दहापर्यंत वीस असे टप्पे झाले. भाडं वाढलं हे खरंच, पण सुट्ट्या पाच रुपयांवरून सकाळी सकाळी होणारी वादावादी तरी गेली. फोनवरून पैसे देता येतात. डाव्या हाताने मला ते करायला वेळ लागायचा, तोवर कंडक्टर पुढचं तिकीट फाडून परत यायचे. एवढ्याच अंतराला रिक्षा साठच्या घरात जाते. प्लास्टर बघून पहिल्याच दिवशी एका कॉलेजच्या मुलीने "काकू, बसा" म्हणून जागा दिली. जागा मिळाल्याचा आनंद झाला, काकूचा तितका नाही.

आणि वेळ. साडेनऊच्या गर्दीत बसला बहुतेक दिवशी अकरा-बारा मिनिटं लागली. स्कूटरवर मला पंधराच्या आत कधी जमलं नाही. ही करामत मधल्या राखीव लेनची. डिसेंबर २००६ मध्ये याच रस्त्यावर बीआरटी (म्हणजे बससाठी राखून ठेवलेली वेगळी लेन) सुरू झाली, अहमदाबादची २००९ मध्ये. पुढे लोक ती बघायला अहमदाबादला जायला लागले, हा भाग निराळा. स्कूटरवर असताना या लेनला मी रोज शिव्या घालत असे: आमचा रस्ता अडवून ठेवलाय, आणि आत बस तर दिसत नाही. आता आतून पाहिलं, तर शेजारच्या लेनमध्ये पन्नास-साठ जण एकेकट्याने घामाघूम आणि आम्ही तितकेच जण एका डब्यात बसून पुढे. चूक कळली. जाहीरपणे मागे घेते.

आता रस्ता. थांबा रस्त्याच्या मधोमध आहे, बसचं उजवीकडचं दार तिथे उघडतं. म्हणजे बस पकडायला अर्धा रस्ता ओलांडायचा, संध्याकाळी उतरल्यावर उरलेला अर्धा. लोक म्हणतात यात धोका दुप्पट. मी हिशेब मांडून पाहिला. थांबे कडेला असते, तर जाताना किंवा येताना एकदा अख्खा रस्ता ओलांडावा लागलाच असता. बेरीज तीच येते. मग मधल्या थांब्यावर जास्त भीती का वाटते?

दुसऱ्या आठवड्यात उत्तर सापडलं. मी फुटपाथच्या काठाला उभी होते, सिग्नल वाहनांना हिरवा. तेवढ्यात कात्रजकडून बस येताना दिसली. माझ्या शेजारचे सातही जण सुटले. त्यात शाळेचा मुलगा होता, डबेवाल्या पिशवीची बाई होती आणि चांगले साठीचे एक गृहस्थ. एका दुचाकीवाल्याने ब्रेक मारला, मागच्याने त्याला शिवी दिली, त्याने गृहस्थांना. मी मात्र प्लास्टरमुळे थांबले. हात धड असता तर आठवी मीच होते.

कडेच्या थांब्यावरून बस सुटली तर माणूस चरफडतो. मधल्या थांब्यावर आलेली बस समोर दिसत असते आणि मधे २४ पावलं असतात. माणूस पळणारच. रेलिंग लावा, पट्टे रंगवा, पाटी लावा, तो पळेल. पुढची बस लगेच आहे याची खात्री असेल, तरच तो थांबेल. सकाळी नऊ ते दहा माझ्या कामाच्या बसा तीन-चार मिनिटांनी यायच्या, तेव्हा पळणारे कमी. दुपारी दीडच्या सुमाराला दोनदा घरी आले, तेव्हा एकदा बावीस मिनिटं थांबले आणि सिग्नल न पाहता धावणारे अर्ध्याहून जास्त होते. दोन दिवसांच्या मोजणीवर कुणी शोधनिबंध लिहू नये, पण मला पुरे आहे. बसा वाढवा म्हटलं की लोकांना गर्दी आठवते. मला तो डबेवाल्या पिशवीच्या बाईचा जीव आठवतो.

दुसरी गोष्ट सिग्नलची. चालणाऱ्यांना हिरवा मिळतो, पण तो धडधाकट माणसाच्या मापाचा. सिग्नल आखताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरतात म्हणे. आमच्या सासूबाईंना कुणी विचारलं नव्हतं. त्यांना एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मी डावा हात त्यांच्या काखेत घातला होता. मला एकटीला १७ सेकंद लागतात, दोघींना ३६ लागली. निम्म्यात दिवा पालटला. त्यातून डावीकडे वळणाऱ्या दुचाक्यांना दिवा कुठला आहे याच्याशी देणंघेणं नसतंच. बरं, मधे टेकायला जागा नाही. विजेच्या बसचा आवाज नाही, त्यामुळे लेनमध्ये पाऊल टाकताना कानांवर भरवसा ठेवून चालत नाही, मान दोन्हीकडे वळवावी लागते. सासूबाईंची मान वळत नाही.

फुटपाथ मात्र बरे आहेत, हे सांगायलाच हवं. रुंद, बऱ्यापैकी सपाट. दुकानांच्या पाट्या आणि पार्क केलेल्या गाड्या वगळून उरलेल्या जागेत दोघी शेजारी चालू शकलो. ओलांडायच्या जागी रस्ताच फुटपाथच्या उंचीला आणला असता, तर गाड्या आपोआप दबल्या असत्या आणि सासूबाईंना पायरी उतरावी लागली नसती. शहरात काही ठिकाणी तसं केलेलं आहे, त्यामुळे जमत नाही असं कुणी मला सांगू नये. खालून स्वारगेट-कात्रज मेट्रो मंजूर झाली आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये. ती येईल तेव्हा येईल.

प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, स्कूटर चालवायला हरकत नाही. सकाळी मी बसनेच जाते. सासूबाईंना परवा तपासणीला न्यायचं होतं, मी सहज म्हटलं, "आई, बसने जाऊया, दहा रुपये."

"बस चांगलीच आहे गं," त्या म्हणाल्या, "पण ती तिकडे मधे उभी असते." आणि रिक्षासाठी पर्समधून स्वतःचे साठ रुपये काढून माझ्या हातात दिले.