एपीआय स्पेक तपासणाऱ्या एजंटला टूल द्यायचंय: वर्णन एका ओळीचं, पानभर की मधलं?

सोलापुरातल्या टॉवेल-चादरीच्या कारखानदारांसाठी ऑर्डर, स्टॉक, डिस्पॅचचं सॉफ्टवेअर तुमची चार-पाच जणांची टीम लिहीत असेल, तर आज ना उद्या परदेशातला खरेदीदार तुमच्याकडे ओपनएपीआयची फाइल मागणारच, म्हणजे त्याच्या प्रोग्रामने तुमच्या सॉफ्टवेअरशी कसं बोलायचं (एपीआय) याचं ठरावीक साच्यातलं वर्णन. ती फाइल पाठवण्याआधी एआय एजंटकडून (टूल वापरून कामं करणाऱ्या मॉडेलकडून) तपासून घ्यायची सोय आता हाताशी आहे. पण तपासणारं टूल, म्हणजे एजंट चालवू शकेल असा छोटा प्रोग्राम, तुम्हीच एजंटच्या हाती द्यायचं असतं, आणि एजंटला त्या टूलचा कोड सहसा दिसत नाही. त्याला दिसतं टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा, म्हणजे आत काय आणि कोणत्या रूपात द्यायचं याचा साचा. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेल्या एमसीपीमध्येही (मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, एजंटला टूल जोडण्याची ठरलेली पद्धत) टूलची ओळख मुख्यतः याच तीन गोष्टींनी होते. वर्णन मोघम असेल, तर बाकीचं एजंट गृहीत धरून मोकळा होतो.

बहुतेक जण एका ओळीच्या वर्णनापासून सुरुवात करतात: ‘एपीआय स्पेसिफिकेशन तपासते.’ लिहायला मिनिटभर लागतं आणि टोकनही (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचतं ते) कमी जातात. अडचण ‘तपासते’ या शब्दात आहे, कारण त्यात तीन वेगळी कामं येतात: फाइलची रचना प्रमाणाप्रमाणे आहे का, टीमचे लेखनाचे नियम पाळलेत का, आणि चालू सर्व्हर खरंच तसं उत्तर देतो का. टूल यातलं पहिलंच काम करत असेल, तरी एजंट तिन्हींची ग्वाही देऊन बसतो.

एक उदाहरण नीट बघा. ऑर्डरमध्ये ‘शेड कोड’ नावाचं फील्ड आहे. पांढऱ्या टॉवेलला शेड कोड नसतो, म्हणून तिथे नल, म्हणजे ‘मूल्य नाही’, चालायला हवा. ओपनएपीआय ३.० मध्ये त्यासाठी ‘नलेबल: ट्रू’ लिहितात. आता कुणीतरी फाइलच्या डोक्यावरची आवृत्ती बदलून ३.१.० केली आणि बाकी काही हलवलं नाही. २०२१ च्या ३.१ ने जेसन स्कीमाच्या (डेटाचा साचा लिहिण्याच्या प्रमाणाच्या) २०२०-१२ आवृत्तीशी जुळवून घेताना ‘नलेबल’ काढून टाकला; तिथे टाइपच्या यादीत स्ट्रिंगच्या जोडीला नल लिहावा लागतो. अनोळखी शब्द दिसला तर जेसन स्कीमा तक्रार करत नाही, तो शब्द सोडून पुढे जातो. त्यामुळे रचना तपासणारं टूल ‘वैध’ म्हणतं आणि ते खरंही असतं. फक्त त्या फील्डला आता नल चालत नाही. स्कीमा काटेकोर पाळणारा खरेदीदाराचा प्रोग्राम पांढऱ्या टॉवेलची ऑर्डर परत पाठवणार. इथे टूल चुकलेलं नाही, आपलं काम कुठे संपतं हे मात्र त्याच्या वर्णनात लिहिलेलं नव्हतं.

याला घाबरून काही जण दुसऱ्या टोकाला जातात: नियमांची पूर्ण यादी, आवृत्त्यांचा इतिहास, डझनभर उदाहरणं. हे सगळं साधारणपणे प्रत्येक विनंतीबरोबर मॉडेलकडे जातं, म्हणजे दहा टूल असतील तर दहा पानं. मला खर्चापेक्षा जास्त खटकतं ते वेगळंच. कोडमधला नियम बदलतो, वर्णनातला तसाच राहतो, आणि एजंट जुन्या नियमाच्या भरवशावर छातीठोक उत्तर देतो. इनपुट खरोखर किचकट असेल, म्हणजे एकमेकींना संदर्भ देणाऱ्या अनेक फाइली असतील, तर जास्तीचं लिखाण लागतंच. ते त्या त्या पॅरामीटरच्या वर्णनात टाकावं.

माझं मत मधल्या पर्यायाला, आणि तो असा दिसतो:

‘ओपनएपीआय ३.० किंवा ३.१ च्या एका फाइलची रचना अधिकृत स्कीमाशी ताडून बघते. स्कीमांचा अर्थ, नावांचे नियम आणि चालू सर्व्हरचं वागणं तपासत नाही. फाइलचा मजकूर द्या, लिंक चालणार नाही. प्रत्येक चुकीसाठी फाइलमधली जागा आणि अपेक्षित मूल्य परत देते. चुकांची यादी रिकामी असेल तर फक्त रचना बरोबर आहे असं समजा.’

पाचच वाक्यं आहेत. दुसरं आणि पाचवं सगळ्यात मोलाचं, आणि घाईत नेमकी तीच गाळली जातात.

आता दुसरा निर्णय: ‘मोड’ बदलून तिन्ही कामं करणारं एकच टूल, की तीन टूल? एकच ठेवलं तर देखभाल सोपी, यादी आटोपशीर. तरीही मी तीन करीन: रचना_तपासा, नियम_तपासा, सर्व्हरशी_जुळवा. कारण तिसरं टूल खऱ्या विनंत्या पाठवतं. ऑर्डर तयार करणारी पोस्ट विनंती त्याने चालवली, तर समोरच्या सिस्टीममध्ये ऑर्डर पडू शकते. फाइल वाचणं आणि ऑर्डर टाकणं एकाच नावाखाली असेल, तर परवानगी कशाची देतोय हे माणसालाही कळत नाही. एमसीपीमध्ये ‘फक्त वाचतं’ अशी खूण टूलवर करता येते, पण ती नुसती सूचना असते. म्हणून तिसऱ्याच्या वर्णनात पहिलंच वाक्य ‘सर्व्हरवर डेटा बदलू शकते, फक्त चाचणी सर्व्हरवर वापरा’ असं हवं, आणि कोडमध्येही चाचणी सर्व्हरचा पत्ता सोडून बाकी सगळे पत्ते अडवायला हवेत.

वर्णन मराठीत की इंग्रजीत? मॉडेलसाठी इंग्रजीत लिहा. देवनागरीला बहुतेक मॉडेलांमध्ये जास्त टोकन लागतात, आणि फील्डची नावं, एरर सगळं इंग्रजीतच असतं. टीमसाठीचं टिपण मराठीत ठेवा.

नक्की करण्याआधी मुद्दाम बिघडवलेल्या तीन फाइली एजंटला द्या. एकीत पाथ पॅरामीटरला (विनंतीच्या पत्त्यातच येणाऱ्या मूल्याला) ‘रिक्वायर्ड: ट्रू’ नाही; हे रचनेच्या तपासणीत सापडायलाच हवं. दुसरीत दोन ठिकाणी एकच ऑपरेशन-आयडी आहे, खरं तर हे नाव प्रत्येक विनंतीला वेगळं हवं. नुसत्या स्कीमाला ते पकडता येत नाही, त्यामुळे एजंट स्वतःहून नियम_तपासाकडे वळतो का ते बघा. तिसरी आवृत्ती बदललेली शेड कोडची फाइल. तिच्यावर ‘रचना ठीक, अर्थ तपासलेला नाही’ असं उत्तर आलं तर वर्णन पुरेसं आहे. ‘सगळं बरोबर’ असं आलं, तर दुसरं वाक्य उचलून सगळ्यात वर ठेवा आणि तीच फाइल पुन्हा द्या.