कोचिंगसाठी दोन हुलांची लाँच: आठ महिने वापरल्यावर

मुळा नदीसारख्या अरुंद पात्रात रोइंगच्या (वल्हवण्याच्या शर्यतीच्या खेळाच्या) कोचसाठी लाँच, म्हणजे खेळाडूंसोबत चालणारी मोटरबोट, घेताना इंजिन नंतर बघा, आधी तिच्या मागची लाट बघा. निवांत सरावात स्कलर (दोन्ही हातांत एकेक वल्हं घेऊन वल्हवणारा) ताशी 12-13 किलोमीटरने जातो. चार मीटरच्या फायबर डिंगीची (एका बुडाच्या छोट्या बोटीची) नेमकी याच वेगाला पंचाईत होते: नाक वर, बूड खाली आणि मागे भलीमोठी लाट. आणखी पळवली की ती पाण्यावर चढते, लाट घटते. पण तोवर खेळाडू मागे पडलेला असतो! वल्ही परत नेताना पाती पाण्यापासून चार-सहा बोटंच वर असतात. लाटेला एक पातं टेकलं की संपलं, चूक खेळाडूची की बोटीची हे कोचलाही कळत नाही.

आमच्या सहा मीटरच्या ॲल्युमिनियम लाँचला शेजारी-शेजारी दोन हुल (पाण्यात बसणारे सांगाडे) आहेत; प्रत्येक हुल 40 सेंटिमीटर रुंद, म्हणजे लांबी रुंदीच्या पंधरापट. पाणी ढकलण्याऐवजी ती कापत जाते. डिंगीशी तुलनाच नको. मात्र हे सुख वजनावर अवलंबून आहे. दोघांपर्यंत उत्तम; चौघे बसले की दोन हुलांना जोडणारा मधला डेक (बसायचा सपाट भाग) पाण्यावर आपटायला लागतो. पेट्रोलची टाकी इंजिनाशेजारी ठेवली तर बूड दबतं. ती पुढे सरकवा, नळी लांब घ्या.

15 अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक इंजिन सिंगल, पेअरला (एकट्याच्या, दोघांच्या बोटीला) पुरतं. एटच्या (आठ जणांच्या बोटीच्या) वेगाच्या सरावाला 25 हवं. आमच्याकडे वळताना पंखा हवा ओढायचा: इंजिन किंचाळतंय, बोट जागची हलत नाही. इंजिन चार सेंटिमीटर खाली बसवल्यावर थांबलं. वळण मात्र मोठंच घेते, अरुंद जागी आधीच अंदाज घ्यावा लागतो. आणि थ्रॉटल एकदम सोडू नका, आपलीच लाट मागून येऊन पुढच्या बोटीला गाठते.

डेक बुटका असल्याने पाण्यात पडलेल्याला समोरून दोन हुलांच्या मधून वर घेता येतं. त्याआधी इंजिन बंद. किल स्विचची (ओढली गेली की इंजिन बंद करणारी) दोरी मनगटाला नाही, मांडीला बांधा, हात मोकळा राहतो.

जलपर्णीचा त्रास आहेच. इंजिनाच्या मागून येणारी पाण्याची बारीक धार थांबली की लगेच इंजिन बंद करून पाणी आत घेणारी जाळी साफ करा. दोन्ही हुलांची बुचं वेगवेगळी तपासा. एकाचं सैल राहिलं तर तासाभरात बोट एका बाजूला कलते, आणि बघणारा दोष वजनाला देतो.